रोमन फौज, माझे २८ मिलिमीटरचे शिपाई आणि एक ढाल

टिंगू शिलेदार

मंडळी, आधी कबुली. वय ४३, डोक्यावर घराचं कर्ज आणि जेवणाच्या टेबलावर २१६ रोमन सैनिक. प्लास्टिकचे, २८ मिलिमीटर उंच, २४-२४ च्या नऊ तुकड्या. वॉरगेमिंग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: छोटे शिपाई आणायचे, कापून चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग मोजपट्टी नि फासे घेऊन तितक्याच रिकामटेकड्या दुसऱ्या माणसाशी टेबलावर लढाई करायची. दिवाळीच्या किल्ल्याची खोड काहींची सुटत नाही, एवढंच. किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असले तरी खपून जायचं. इथे ढाल दोन मिलिमीटरने चुकली तर लोक भांडायला येतात. (मीही जातो.)

तर १८ मे २०२४ ला, शनिवारी, लंडनला ब्रिटिश म्युझियममधलं ‘लीजन: लाइफ इन द रोमन आर्मी’ हे प्रदर्शन पाहून आलो. १ फेब्रुवारीला उघडलं होतं, २३ जून २०२४ पर्यंत होतं.

खरं सांगायचं तर मी एकाच वस्तूसाठी गेलो होतो. ड्युरा-युरोपसची ढाल. सीरियात युफ्रेटिसच्या काठी हे तटबंदीचं गाव होतं. सन २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेने ते घेतलं आणि मग ते ओसच पडलं. १९३० च्या दशकातल्या उत्खननात तिथे ही ढाल तुकड्यांमध्ये सापडली. लीजनच्या (रोमन नागरिकांच्या मोठ्या पायदळ दलाच्या) सैनिकाची ती वळलेली आयताकृती ढाल, स्कुटम, अख्ख्या जगात एवढी एकच शिल्लक आहे. एरवी ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात असते.

काचेसमोर उभा राहिलो आणि पहिला विचार आला, एवढीशी? उंची १०५.५ सेंटीमीटर. रुंदी जेमतेम ४१, पण खोली ३०, म्हणजे नळीच्या कौलासारखी चांगलीच वळलेली. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर आडवे-उभे चिकटवलेले, वर कातडं, त्यावर रंग. लालसर गुलाबी जमीन, गरुड, त्याच्याभोवती हार, दोन्ही बाजूंना पंखवाल्या विजयदेवता, खाली सिंह. मधला धातूचा फुगीर गोळा गायब आहे, नुसतं भोक उरलंय. रंग इतका कोवळा आहे की आपण ज्या रक्तासारख्या लाल बाटल्या रिकाम्या करतो त्यांची लाज वाटली.

घरी येऊन आधी व्हर्नियर काढला. माझे शिपाई साधारण १:५६ प्रमाणातले. त्या हिशेबाने ढाल १९ मिलिमीटरची हवी. माझी भरली २२. म्हणजे खऱ्या मापात १२३ सेंटीमीटर, ढाल कसली, फळीच. जाडीचं तर विचारू नका. खरी ढाल अर्धा सेंटीमीटरच्या आसपास, माझी प्लास्टिकची एक मिलिमीटर, म्हणजे साडेपाच सेंटीमीटरचा दरवाजा हातात धरून माझे लोक गॉल (आजचा फ्रान्स) जिंकत होते.

दुसरी वस्तू काल्क्रीजचं चिलखत. जर्मनीत सन ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन जंगलात कापल्या गेल्या, त्या लढाईचं हे ठिकाण मानतात. २०१८ मध्ये तिथून मातीचा एक मोठा ढेकूळ अख्खा उचलला, क्ष-किरणांखाली घातला, तर आत पत्र्यांचं चिलखत, बाजाच्या पेटीचा भाता मिटावा तसं दबलेलं. या प्रकारातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पूर्ण. पण मी तिथे खिळलो तो दुसऱ्याच गोष्टीने. चिलखताबरोबर कैद्याची मान आणि हात एकत्र जखडायचं लोखंडी खोडं सापडलंय. घालणारा बहुधा जिवंत पकडला गेला होता. आमच्या खेळात तुकडी मोडली की आपण तिला टेबलावरून उचलतो आणि चहा प्यायला जातो.

प्रदर्शनाचा सूत्रधार मात्र सेनापती नाही, क्लॉडियस टेरेंशियानस नावाचा इजिप्तमधला पोरगा आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. वडिलांना लिहिलेली त्याची पत्रं पपायरसवर टिकली. याला जायचं होतं लीजनमध्ये, भरती झाला आरमारात, अलेक्झांड्रियाला. एका पत्रात तो वैतागून लिहितो की इथे पैशाशिवाय काही होत नाही, आणि माणसाने स्वतः हातपाय हलवले नाहीत तर शिफारसपत्रांनाही किंमत नाही. शेवटी लीजनमध्ये पोचला. घरून तलवार, कुदळ, झगा मागवतो. आपण हॉस्टेलवरून चिवडा मागवायचो तसं.

मुद्द्यावर येतो. त्या रात्री झोप येईना म्हणून विंडोलांडाच्या लाकडी पाट्यांची भाषांतरं वाचत बसलो. उत्तर इंग्लंडमधलं हे ठाणं, सन १०० च्या जरा आधीचा काळ. त्यात एक हजेरीपट आहे. पहिली तुंग्रियन पलटण, प्रमुख युलियस व्हेरेकुंडस, तारीख १८ मे. (मी म्युझियमला गेलो तीच! अंगावर काटा आला.) पटावर ७५२ माणसं, ६ सेंचुरियन (हुकूम सोडणारे नायक) धरून. बाहेर गेलेले ४५६, त्यात ५ सेंचुरियन. ठाण्यात हजर २९६. त्यातले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. लढायच्या लायकीचे २६५, आणि सेंचुरियन एक.

एक!

३३७ जण कोरियाला, म्हणजे बहुधा आजच्या कॉर्ब्रिजला. ४६ गव्हर्नरच्या रक्षकांत. एक सेंचुरियन लंडनला.

मी उठून टेबलापाशी गेलो. नऊ तुकड्या, प्रत्येकीत २४, प्रत्येकीत एक तुऱ्यावाला सेंचुरियन, एक निशाणवाला, एक शिंगवाला. कोणी आजारी नाही, कोणी लंडनला नाही. इतकी वर्षं मी ढालींच्या लाल रंगावरून भांडलो आणि फौज रंगवली ती कागदावरची. व्हेरेकुंडसच्या प्रमाणात २४ मधले साधारण ८ उरतात. बाकीचे उचलून डब्यात ठेवून बघितलं. टेबल भकास दिसतं. पण खरं दिसतं.

तर विचार असा आहे की खेळाआधी प्रत्येक तुकडीने हजेरीचा फासा टाकायचा. काय म्हणता?

गोंदबहाद्दर

सत्यानाश. सहा महिने २४ जण रंगवायचे आणि १६ डब्यात?

लेख झकास, पण दोन खुसपटं काढतोच. एक, तुंग्रियन म्हणजे ऑक्झिलरी, साहाय्यक फौज. आजच्या बेल्जियमकडची भरती, रोमचे नागरिक नव्हेत. तुझे नऊच्या नऊ डबे लीजनरी, मग त्यांचा हजेरीपट यांच्या गळ्यात कशाला? दोन, तू ड्युराची ढाल नि काल्क्रीजचं चिलखत एका दमात सांगितलंस, म्हणजे आता वाचणारा कोणीतरी दोन्ही एकाच शिपायावर चढवणार. दोन्हींत २४७ वर्षांचं अंतर आहे. महाराजांच्या राज्याभिषेकापासून २४७ वर्षं मोज, १९२१ येतं. मावळ्याच्या हातात मशीनगन द्यायची का?

टिंगू शिलेदार

दोन्ही मान्य. तुकड्यांपैकी दोन ऑक्झिलरी आहेत रे, अंडाकृती ढालीवाल्या, मागच्या रांगेत असतात म्हणून तुला कधी दिसत नाहीत. पहिला प्रयोग त्यांच्यावरच करतो. पण लीजनचे लोकही काही बराकीत ओळीने उभे नसत. रस्ते, खाणी, विटांच्या भट्ट्या, कारकुनी, सगळीकडे तेच.

१९२१ चा हिशेब चोरतोय.

कोपऱ्यातला म्हसोबा

वाचून इनो घेतलं. आम्ही इथे भिवंडी नाक्यावर ट्रॅफिकमध्ये, आणि लोक शनिवारी रोमन ढाली बघतात.

एक अडाणी प्रश्न. लाकूड सडतं, कातडं सडतं. १७०० वर्षांपूर्वीचा रंग टिकला कसा?

गोंदबहाद्दर

अडाणी नाही, बरोबर प्रश्न आहे. वेढा पडायच्या आधी ड्युराच्या लोकांनी तट मजबूत करायला आतल्या बाजूने मातीचा मोठा भराव घातला. तटालगतचा रस्ता, घरं, देवळं त्याखाली गाडली गेली. वरून वाळवंटी हवा. कोरडं राहिलं म्हणून टिकलं. तिथल्या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवरची चित्रंही त्याच भरावाने वाचवली. ज्यांनी भराव घातला त्यांचं गाव गेलं ते गेलंच.

विंडोलांडाला नेमकं उलट. तिथे चिखल, पाणी आणि हवेचा अभाव. ओल्यात टिकलं ते तिकडे, कोरड्यात टिकलं ते इकडे. मधल्या बऱ्या हवेच्या जागांत काही राहत नाही.

सई_न्यूकॅसल

विंडोलांडाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी वाचनमात्र.

आम्ही त्याच भागात राहतो. पाहुणे आले की आधी रोमन बादशहा हेड्रियनची भिंत दाखवायची ही आमच्या घरची शिक्षा. उन्हाळ्यात भिंतीच्या कडेने बस धावते, तिचा नंबरच ‘एडी १२२’. भिंतीचं काम सुरू झालं ते साल! तिकीट मागताना मला दर वेळी हसू येतं. विंडोलांडाच्या पश्चिमेला ग्रीनहेडजवळ वेगळं रोमन आर्मी म्युझियमही आहे. शिलेदार, तुम्ही तिकडे आलात तर दोन्ही एका दिवसात होतात, पण सकाळी लवकर निघा. आणि मे महिना असला तरी स्वेटर आणा. तिथे वारा कपडे बघून लागत नाही.

त्या लाकडी पाट्या १९७३ मध्ये पहिल्यांदा हाती लागल्या. पाट्या म्हटलं की शाळेची पाटी डोळ्यांपुढे येते, पण या पोस्टकार्डाएवढ्या, लाकडाचं साल सोलावं इतक्या पातळ, आणि अक्षरं शाईची. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मोज्यांचं पत्र. कोणीतरी कोणालातरी कळवतंय की मोजे पाठवलेत, दोन जोड चपला आणि दोन जोड आतल्या चड्ड्या. पाठवणाऱ्याचं नाव गेलं, चड्ड्या राहिल्या.

आणि तुमच्या टेबलावर बायका आहेत का हो? क्लॉडिया सेव्हेरा, एका अधिकाऱ्याची बायको, तिने मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलंय. मजकूर कारकुनाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्यात. लॅटिनमधलं बाईच्या हातचं इतकं जुनं अक्षर दुसरं क्वचितच सापडेल. तिथल्या म्युझियममध्ये लहान मुलांचे बूट पण आहेत, तळहातावर मावतील असे. साध्या शिपायाला तेव्हा कायद्याने लग्न करायची परवानगी नव्हती. बूट मात्र आहेत.

टिंगू शिलेदार

सईताई, तुम्ही वाचनमात्र राहू नका.

सेव्हेराची पाटी प्रदर्शनात होती. आमच्या सौ. तिथे वीस मिनिटं उभ्या होत्या आणि मी चिलखतापाशी. मग एकमेकांना शोधण्यात अर्धा तास गेला. टेबलावर बायका नाहीत. २८ मिलिमीटरमध्ये रोमन बायका मिळतात, पण त्या बाजाराच्या संचात, टोपल्या घेतलेल्या. पत्र लिहिणारी मिळाली तर कळवतो.

नकारघंटा

सगळे गुलाबपाणी शिंपडताहेत म्हणून मी जरा फिनेल ओततो.

ही फौज लोकांना गुलाम करत फिरायची. त्याच विंडोलांडाच्या पाट्यांत एक जण स्थानिक लोकांना ‘ब्रिटुंक्युली’ म्हणतो, म्हणजे ‘क्षुद्र ब्रिटनडे’ असं काहीसं. आणि हे सगळं बघायचं कुठे, तर ब्रिटिश म्युझियममध्ये, जिथे अर्धं जग येऊन पडलंय. तुम्ही त्याचे बाहुले रंगवून खेळता. मराठ्यांच्या मुलखातून गेलेला माणूस साम्राज्याच्या बाजूने फासे टाकतो हे मला मजेशीर वाटतं.

टिंगू शिलेदार

मी बहुतेक वेळा हरतो, त्याने काही फरक पडतो का?

गंमत सोडा. तुमचं म्हणणं मला तिथे उभं असतानाच टोचलं होतं. म्हणूनच खोड्याचा उल्लेख केला. मी पंधरा वर्षं ‘बार्बेरियन’ या एका शब्दाखाली जर्मन, ब्रिटन, डेशियन सगळे एकाच तपकिरी रंगात बुडवून काढलेत. रोमन माणसाच्या ढालीवरच्या सिंहाची आयाळ तीन छटांत. हा माझा ब्रिटुंक्युलीपणाच झाला.

बाकी ढाल येलची आहे, उसनी आणलेली. त्याचं खापर या म्युझियमवर फोडू नका, फोडायला त्यांच्याकडे दुसरं पुष्कळ आहे.

लेखापाल

मी ना खेळतो ना रंगवतो. निवृत्त ऑडिटर आहे. पण ‘इथे पैशाशिवाय काही होत नाही’ वाचून राहवलं नाही.

इजिप्तमध्येच सापडलेला एक पपायरस आहे, पहिल्या शतकातला, दोन सैनिकांच्या पगाराचा ताळेबंद. एका हप्त्याला पगार २४८ द्राख्मा. कपात पाहा. गवत-चारा १०, जेवण ८०, बूट-पट्टे १२, कपडे ६०. आणि छावणीतल्या सॅटर्नेलियाच्या सणाचे २०. एकूण १८२. हातात ६६.

सणाची वर्गणी थेट पगारातून! आपल्याकडे निदान पावतीपुस्तक घेऊन दारात तरी येतात. ऑडिटर म्हणून सांगतो, बुटांपेक्षा वर्गणी जास्त असेल तर मी शेरा मारला असता.

आणि ते तलवार घरून मागवणं म्हणजे सरळ शिलेदारी. सरकारचा घोडा घेतो तो बारगीर, स्वतःचा आणतो तो शिलेदार. धागाकर्त्याने नाव विचार करून घेतलेलं दिसतंय.

टिंगू शिलेदार

काका, नाव विचार न करता घेतलं होतं, आता केला असं सांगत जाईन. हे आकडे मला हवेच होते. वीस द्राख्मांच्या वर्गणीवरून नियम बनवता येईल का बघतो: सणानंतरच्या खेळात हजेरीच्या फाशातून एक वजा.

पन्हाळ्याचा_वारा

आमच्या कोल्हापुरात टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी काशाची मूर्ती आहे. समुद्रदेव, पंचगंगेकाठी. शाळेच्या सहलीत बघितली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या ‘ही रोमची’, आणि आम्ही पुढच्या काचेकडे पळालो. आता कळतंय की भूमध्य समुद्राकडचा माल आपल्या बंदरांना यायचा त्याची मोठी वाट अलेक्झांड्रियावरूनच होती. तुमचा टेरेंशियानस आरमारात तिथेच कुढत बसला होता ना? वेगवेगळा काळ असेल, पण मला बरं वाटलं.

गोंदबहाद्दर

अवांतर आहे, पण ठेवा.

शिलेदार, हजेरीच्या फाशाबद्दल. सगळ्यांचेच लोक कमी झाले तर खेळ तोच राहतो, फक्त लहान होतो. मजा येईल ती सेंचुरियनमुळे. सहातला एक हजर असेल तर हुकूम कोण सोडणार? माणसं कमी करू नकोस, हुकूम कमी कर. २४ च्या २४ टेबलावर ठेव, पण तुऱ्यावाला आहे की नाही ते फाशावर. नसेल तर तुकडी उभी राहील, मार खाईल, पण स्वतःहून वळणार नाही.

आणि ड्रॅको निशाणाबद्दल एक ओळ नाही लिहिलीस? जर्मनीत नीडरबीबरला सापडलेलं ते मुंडकं, प्रदर्शनात होतं की.

टिंगू शिलेदार

होतं. तिसऱ्या शतकातलं, धातूचं अजगरासारखं तोंड उघडं, मागे कापडाची नळी असायची. घोडा दौडला की तोंडातून वारा शिरून शेपटी फडफडायची. असं मुंडकं दुसरं कुठे मिळालेलं नाही. पण समोर एक शाळेची सहल होती आणि त्यातला एक मुलगा शिक्षिकेला विचारत होता, ‘मिस, हा उचलून धरणाऱ्याचा हात नाही दुखायचा?’ त्या प्रश्नावर मी अडकलो आणि मुंडकं नीट बघायचं राहिलं. माझा निशाणवाला एका हाताने, कोपर न वाकवता, वीस वर्षं उभा आहे.

हुकूम कमी करायची कल्पना घेतली. रविवारी खेळू. तू ब्रिटन घे.

सई_न्यूकॅसल

निकाल इथे टाका!

टिंगू शिलेदार

निकाल.

आधी जखमींची यादी: मी. २२ मिलिमीटरच्या ढाली १९ वर आणायच्या म्हणून ब्लेडने तासत होतो. अकराव्या ढालीला अंगठा गेला. ६ जखमींत आता मी सातवा. ज्या तासल्या त्या सुंदर दिसतात, ज्या राहिल्या त्या तशाच राहणार आहेत.

ऑक्झिलरीच्या दोन तुकड्या, फाशावर दोन्हींचे तुरेवाले गैरहजर. गोंद्याने टेकडीच्या मागून रथ काढले. मला दिसत होते, माझ्या ४८ शिपायांना दिसत होते, पण वळा म्हणणारं कोणी नाही. तिसऱ्या फेरीत डावी तुकडी गेली. चौथ्या फेरीत मी नियम वाकवून बघितला, गोंद्याने हजेरीपट दाखवला. पाचव्या फेरीत उजवी.

पण मधे एक झालं. डाव्या तुकडीतल्या एका शिपायाच्या डोळ्यांवर मी आदल्या रात्री पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी ओढली होती, त्या १० जणांतला एक म्हणून. दोन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. तुकडी उचलताना गोंद्याने त्याला वेगळा काढला आणि विचारलं, हा काय, रंग सांडला का? सांगितलं, डोळे आलेत. त्याने तो डब्यात टाकला नाही, टेबलाच्या कडेला, चहाच्या कपाशेजारी उभा करून ठेवला. खेळ संपेपर्यंत तिथेच होता.

गोंदबहाद्दर

कारण तो आजारी होता. आजाऱ्याला मारायचा नियम आपण अजून लिहिलेला नाही. पुढच्या रविवारी तू ब्रिटन. आणि कृपा करून त्यांना दुसरा रंग दे, तो तपकिरी बघवत नाही.

कोपऱ्यातला म्हसोबा

लंडनला गेलेला सेंचुरियन परत आला का?

टिंगू शिलेदार

डब्यात आहे. त्याचा तुरा मोडलाय, गोंद आणायचाय.